चौथा कागद: संघ दुसऱ्या शहरात नेण्याला मंजुरी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
व्यावसायिक फुटबॉल लीगचे संचालक मंडळ आणि संघमालक

सप्रेम नमस्कार.

संघ दुसऱ्या शहरात नेण्याचा प्रस्ताव आपल्यासमोर येतो तेव्हा त्याला बहुधा तीन कागद जोडलेले असतात. नव्या स्टेडियमचे रंगीत चित्र, नव्या शहराच्या लोकसंख्येचा तक्ता आणि जुन्या शहरातल्या तोट्याचा ताळेबंद. चौथा कागद नसतो. काय हलणार आहे, काय हलूच शकत नाही आणि जे मागे राहील त्याची जबाबदारी कोण घेणार, हे त्या कागदावर असायला हवे. मैदान बांधणे, तिकिटे विकणे, मुलांना शिकवणे आणि सामन्याचा दिवस पार पाडणे ही आमची कामे. या कामांच्या बाजूने तो चौथा कागद कसा भरावा, हे आम्ही इथे मांडत आहोत.

२८ मार्च १९८४ च्या रात्री अमेरिकी फुटबॉलमधला बाल्टिमोर कोल्ट्स हा संघ इंडियानापोलिसला निघाला. मेरीलँडचे विधिमंडळ संघ ताब्यात घेण्यासाठी कायदा करू पाहत आहे हे दिसताच मालकाने सामान बांधले आणि १५ ट्रक भरून शहर सोडले. त्या १५ ट्रकांत जे मावले, तेवढेच हलू शकते: खेळाचे साहित्य, कार्यालयाच्या फायली, चषक. त्यांच्यासोबत कागदोपत्री जातात लीगचा परवाना आणि खेळाडूंचे करार. प्रेक्षक जात नाहीत. अकादमीतली मुले जात नाहीत. फाटकावर तिकीट तपासणारे, मैदान राखणारे, सामन्यापुरते येणारे वैद्यकीय पथक, किट धुणारे हेही जात नाहीत. यांतला प्रत्येक माणूस नव्या शहरात नव्याने शोधावा लागतो आणि शिकवावा लागतो.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी: परवाना न्यायचा असेल तर न्या, पण नाव, रंग, चिन्ह आणि विक्रम जुन्या शहरात ठेवून जा.

हे नवे नाही आणि अशक्यही नाही. क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकी फुटबॉल संघाच्या मालकाने नोव्हेंबर १९९५ मध्ये संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. शहर न्यायालयात गेले, चाहते रस्त्यावर उतरले, आणि तडजोड अशी निघाली की खेळाडू आणि कर्मचारी बाल्टिमोरला जातील, मात्र नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडमध्येच राहील. बाल्टिमोरला गेलेला संघ १९९६ मध्ये रेव्हन्स या नावाने नवा संघ म्हणून उभा राहिला. ब्राउन्स तीन हंगाम कागदावरच जिवंत होते आणि १९९९ मध्ये नव्या स्टेडियमसह परतले. मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगमध्येही सॅन होजे अर्थक्वेक्सचे खेळाडू २००६ च्या हंगामाआधी ह्यूस्टनला गेले, पण नाव आणि विक्रम सॅन होजेसाठी राखून ठेवले होते. ह्यूस्टनने नव्या नावाने २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. अर्थक्वेक्स २००८ मध्ये पुन्हा मैदानात उतरले. नाव मागे ठेवल्याने नव्या शहराचे काहीही अडले नाही. उलट तिथल्या लोकांना पहिल्या दिवसापासून स्वतःचे असे काहीतरी मिळाले.

याच्या उलट विम्बल्डन. १८८९ मध्ये स्थापन झालेला, १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप ही इंग्लंडची मानाची स्पर्धा जिंकलेला लंडनचा हा क्लब १९९१ पासून स्वतःच्या मैदानाविना क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर पाहुण्यासारखा खेळत होता. २८ मे २००२ रोजी तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने त्याला सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांतच एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते व्यावसायिक लीगमध्ये पोहोचले आणि २०२० मध्ये प्लाव लेनवर, जुन्या मैदानाच्या जवळच, स्वतःच्या नव्या मैदानात परतले. इकडे हललेल्या क्लबने २००४ मध्ये नाव बदलले, आणि २००७ मध्ये जुन्या विजयांवरचा हक्क सोडून ते सन्मान विम्बल्डन ज्या भागात आहे त्या मर्टन परगण्याकडे सोपवले. जे शेवटी द्यावेच लागले, ते पहिल्याच दिवशी दिले असते तर पाच वर्षांची कटुता टळली असती.

जिथे बढती आणि पदावनती असते, तिथे हा प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण लीगमधली जागा खेळून मिळवलेली असते. फिफाच्या नियमांत, खेळाची निकोपता बिघडवून पात्रता किंवा परवाना मिळवण्यासाठी क्लबचे मुख्यालय किंवा नाव बदलण्याला स्पष्ट मनाई आहे. युरोपीय स्पर्धांच्या परवान्यासाठी राष्ट्रीय संघटनेचे सलग तीन हंगामांचे सदस्यत्व लागते आणि अशा बदलाने ती सलगता तुटली असे धरले जाऊ शकते. मालकांचे सल्लागार हा मुद्दा बहुतेक वेळा शेवटी पाहतात. तो आधी पाहा.

आता तोट्याच्या ताळेबंदाकडे वळू. संघ तोट्यात आहे म्हणून शहर बदलायचे, असे सांगितले जाते. बरेचदा मूळ दुखणे भाडेकरारात असते. कोव्हेंट्री सिटी या इंग्लिश क्लबचे स्टेडियमच्या मालकांशी भाड्यावरून फाटले आणि २०१३-१४ चा हंगाम क्लबने सुमारे ५५ किलोमीटरवरच्या नॉर्दॅम्प्टनमध्ये काढला. घरच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती दहा हजारांच्या आसपासवरून अडीच हजारांखाली आली. भाडे वाचले, पण तिकीट, पार्किंग, खाद्यपदार्थ आणि जर्सी यांचे उत्पन्न त्याहून वेगाने गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये संघ परत आला. तेव्हा आमचे म्हणणे असे की प्रस्तावासोबत भाडेकराराची पूर्ण प्रत मागा आणि चार गोष्टी तपासा: भाडे ठरावीक आहे की उपस्थितीवर अवलंबून, सामन्याच्या दिवशी खाद्यपदार्थ आणि पार्किंगचे पैसे कोणाला जातात, देखभालीचा खर्च कोणाच्या माथी आहे, आणि करार मोडण्याच्या अटी काय आहेत.

चौथ्या बाबीत शहरेही फसतात. सेंट लुईसने १९९५ मध्ये रॅम्स या अमेरिकी फुटबॉल संघाला आणताना करारात लिहून दिले होते की २००५ आणि २०१५ या दोन्ही टप्प्यांवर त्यांचे स्टेडियम लीगमधल्या पहिल्या पंचवीस टक्क्यांत असेल. तसे नसेल तर दीर्घ मुदतीचा करार वर्षावर्षाचा होईल. दहा-वीस वर्षांनी इतर शहरे किती नवी स्टेडियम बांधतील, हे कोणाच्या हातात असते? लवादाने संघाची बाजू उचलून धरली, सुमारे ७० कोटी डॉलरची दुरुस्ती शहराला परवडली नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये मालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी रॅम्सना लॉस एंजलिसला जाऊ दिले. पण गोष्ट तिथे संपली नाही. लीगने स्थलांतराबाबतची स्वतःचीच नियमावली पाळली नाही, असा दावा सेंट लुईसने लावला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. नियमावली लिहून कपाटात ठेवली की पुढे तीच अंगावर येते, हे लीगच्या संचालकांनी यातून घ्यावे.

चांगला नमुना हवा असेल तर ओहायो राज्याचा १९९६ चा कायदा वाचा. ब्राउन्स गेल्यावर तो झाला. करदात्यांच्या पैशांवर उभ्या मैदानात खेळणाऱ्या आणि सरकारी मदत घेणाऱ्या संघाला शहराच्या संमतीशिवाय हलायचे असेल तर किमान सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि त्या मुदतीत स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोलंबस क्रू या ओहायोतल्या मेजर लीग सॉकर संघाच्या मालकाने ऑस्टिनला जाण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा राज्य आणि शहर याच कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात गेले. मुदत मिळाली, त्या मुदतीत स्थानिक खरेदीदार उभे राहिले, आणि संघ राहिला. २०२० मध्ये क्रू लीगचा विजेता ठरला. २०२१ मध्ये कोलंबसला नवे स्टेडियम मिळाले आणि त्याच वर्षी ऑस्टिनचा स्वतःचा नवा संघही खेळू लागला. इंग्लंडमध्येही २०२५ च्या कायद्यानंतर घरचे मैदान हलवण्यासाठी स्वतंत्र नियामकाची मंजुरी लागते. आपल्या लीगच्या घटनेत सहा महिन्यांची सूचना आणि स्थानिकांना खरेदीचा पहिला हक्क, ही दोन कलमे घालायला संसदेची वाट पाहण्याची गरज नाही.

आता मैदान. रंगीत चित्रात सगळ्यात जास्त गोष्टी लपतात त्या इथे.

नव्या शहरात आधीच एक स्टेडियम आहे, हे वाक्य ऐकले की आधी विचारा की ते कोणत्या खेळासाठी बांधले आहे. फुटबॉलचे मैदान १०५ बाय ६८ मीटरचे. अमेरिकी फुटबॉलचे मैदान जवळजवळ ११० मीटर लांब पण जेमतेम ४९ मीटर रुंद असते. म्हणजे तिथे रुंदीला सुमारे १९ मीटर कमी पडतात. कडेच्या मोकळ्या पट्टीतून थोडे भरून निघते, पण कोपऱ्यांत खालच्या रांगा कापाव्या लागतात. नाहीतर कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूला धावायला जागा उरत नाही.

ॲथलेटिक्सचा ट्रॅक असेल तर अडचण वेगळी. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर आणि सरळ भाग ८४.३९ मीटर असतो. त्यात फुटबॉलच्या रेषा बसतात, पण कोपऱ्यांबाहेरची सुरक्षित पट्टी ट्रॅकवर चढते आणि सामन्याच्या दिवशी तिथे कृत्रिम हिरवळीचे तुकडे अंथरावे लागतात. ते नीट ताणून बसवले नाहीत तर कड उचलली जाते आणि घोटे मुरगळतात. प्रेक्षकांचे अंतरही मोजा. गोलरेषेपासून ट्रॅकची आतली कड २६ मीटर, त्यावर आठ लेनचे पावणेदहा मीटर. गोलमागची पहिली रांग ३६ मीटरच्या अलीकडे येऊच शकत नाही. आवाज तिथेच विरतो. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो बऱ्याच अंशी या अंतरावर ठरतो, आणि हंगामी तिकीट दुसऱ्या वर्षी पुन्हा घ्यायचे की नाही, हेही.

नवे मैदान बांधायचे असेल तर हिरवळीचा हिशोब असा. कडेच्या पट्ट्या धरून क्षेत्र सुमारे ८,००० चौरस मीटर होते. खाली खडीचा निचऱ्याचा थर, त्यावर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मुळांचा थर. म्हणजे फक्त वाळू २,४०० घनमीटर, साधारण ३,८०० टन. २० टनी ट्रकच्या १९० फेऱ्या. कोल्ट्सचा अख्खा संघ १५ ट्रकांत गेला होता, हे इथे पुन्हा आठवावे.

चुकते ते प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिले म्हणजे वाळूची प्रत. बारीक कण आणि गाळ जास्त असलेली वाळू स्वस्त मिळते, पण दोन पावसांत तिची छिद्रे बुजतात आणि पाणी वर साचते. प्रत्येक खेपेचा नमुना चाळून तपासावा, फक्त पहिल्या खेपेचा नव्हे. दुसरे म्हणजे हिरवळीच्या गुंडाळ्या. त्या चिकणमातीत वाढवलेल्या असतील आणि वाळूवर अंथरल्या तर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडते, मुळे खाली उतरत नाहीत, आणि पहिल्याच घसरत्या टॅकलला हिरवळ सतरंजीसारखी गोळा होते. वाळूत वाढवलेली किंवा माती धुऊन काढलेली हिरवळच घ्यावी. घाई असेल तर ४ सेंटिमीटर जाडीच्या जड गुंडाळ्या लगेच खेळण्याजोग्या असतात, पण तो तात्पुरता उपाय आहे. बियांपासून वाढवायची असेल तर चांगल्या हवामानात तीन महिने तरी हातात ठेवावेत. कृत्रिम धागे शिवून घेतलेली संकरित हिरवळ हवी असेल तर धागे सुमारे १८ सेंटिमीटर खोल जातात, म्हणून पाण्याचे नळ आणि तापनळ्या त्याहून खाली असल्याची खातरजमा आधी करावी. नंतर ते दुरुस्त करणे म्हणजे मैदान पुन्हा खणणे.

आणि स्टेडियम तयार झाले म्हणजे उघडले असे नाही. लंडनच्या टॉटनहॅम क्लबचे नवे स्टेडियम सप्टेंबर २०१८ मध्ये उघडायचे होते. सुरक्षायंत्रणांतल्या दोषांमुळे ते एप्रिल २०१९ मध्ये उघडले. त्या क्लबकडे लंडनमधल्याच वेम्बली स्टेडियमचा पर्याय होता. शहर सोडून आलेल्या संघाकडे असा पर्याय नसतो. म्हणून कमी प्रेक्षकांचे किमान दोन चाचणी सामने वेळापत्रकात धरल्याशिवाय पहिल्या सामन्याची तारीख जाहीर करू देऊ नका.

याला जोडूनच सर्वांत घातक काळाबद्दल. घोषणा आणि प्रत्यक्ष हलणे यांच्या मधला काळ. विम्बल्डनला मे २००२ मध्ये परवानगी मिळाली, पण मिल्टन कीन्समधला पहिला सामना सप्टेंबर २००३ मध्ये झाला. मधला हंगाम जुने प्रेक्षक गेलेले आणि नवे अजून न आलेले असा गेला. एका सामन्याला हजारही लोक नव्हते, आणि जून २००३ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला. ह्यूस्टन ऑइलर्सचे तसेच. १९९७ मध्ये हा अमेरिकी फुटबॉल संघ टेनेसीला आला तेव्हा नॅशव्हिलचे स्टेडियम तयार नव्हते. सराव नॅशव्हिलमध्ये आणि घरचे सामने ३०० किलोमीटरहून दूर मेम्फिसमध्ये, अशी व्यवस्था झाली. आपला नसलेला, लवकरच जाणारा संघ पाहायला मेम्फिसचे लोक आले नाहीत, आणि दोन हंगामांचा बेत एका हंगामात गुंडाळावा लागला. भारतातही २०१९-२० मध्ये दिल्ली डायनॅमोजचा ओडिशा एफसी झाला तेव्हा भुवनेश्वरचे कलिंगा स्टेडियम तयार होत असल्याने सुरुवातीचे घरचे सामने पुण्यात बालेवाडीला झाले. ज्या पुण्याचा स्वतःचा एफसी पुणे सिटी त्याच उन्हाळ्यानंतर बंद होऊन त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली होती, त्याच पुण्यात. हैदराबादचा संघ पहिल्या हंगामात तळाला राहिला. विजेतेपद यायला २०२१-२२ उजाडले. नव्या शहरातला पहिला हंगाम खेळाच्या दृष्टीने जवळपास वाया जातो, असे धरूनच आर्थिक आराखडा तपासा.

हा मधला काळ शक्य तितका छोटा ठेवावा. जुन्या शहरातला शेवटचा आणि नव्या शहरातला पहिला सामना यांच्यात एकाच सुट्टीचे अंतर असावे. नवे मैदान बांधून, तपासून, परवाने हातात आल्यावरच मतदान घ्यावे. मालक म्हणतील की मंजुरीशिवाय कर्ज मिळत नाही. त्यावर उपाय सशर्त मंजुरीचा: ठरलेल्या तारखेला मैदान तयार नसेल तर मंजुरी आपोआप रद्द.

प्रेक्षकसंख्येच्या तक्त्याबद्दल थोडक्यात. शहराची लोकसंख्या हा आकडा निरुपयोगी आहे. कामाच्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तासात मैदानावर पोहोचू शकणारे लोक मोजा, आणि सामना संपल्यावर शेवटची गाडी किती वाजता सुटते ते पाहा. परत न मिळणारी अनामत भरलेली हंगामी तिकिटे हाच मागणीचा खरा पुरावा. फुकट नोंदणीचे आकडे विचारातच घेऊ नका.

शेवटी मुले. अकादमीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला संघासोबत पाठवता येत नाही. त्याचे घर, शाळा इथेच असते. तरी त्याची नोंदणी मात्र हललेल्या क्लबकडेच अडकून राहते. दुसरा छोटा क्लब त्याला घ्यायला कचरतो, कारण फिफाच्या पद्धतीत १२ व्या वर्षापासूनच्या प्रशिक्षणाची भरपाई पुढे मागितली जाऊ शकते. यासाठी एकच पान लागते: प्रत्येक मुलाची बिनशर्त मुक्तता आणि भरपाईचा हक्क सोडल्याचे लेखी पत्र, हंगाम संपायच्या आत पालकांच्या हातात. प्रशिक्षकांचे पगार आणि सरावाच्या जागेचे भाडे आणखी एक पूर्ण हंगाम जाणाऱ्या मालकाने आगाऊ भरावे, म्हणजे मुलांना नवा क्लब मिळेपर्यंत सराव थांबणार नाही. महिला संघालाही हेच लागू. मुख्य संघाच्या प्रस्तावात महिला संघाचे नावही नसते, आणि मग तो कोणी ठरवून नव्हे, तर कोणाच्या लक्षातच न राहिल्याने बंद पडतो.

लीगच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ही कलमे घ्यावीत: नाव आणि विक्रम जुन्या शहराकडे, सहा महिन्यांची सूचना व स्थानिकांना खरेदीचा पहिला हक्क, मैदान तयार असेल तरच अंतिम मंजुरी, आणि अकादमीसाठी एका हंगामाची आगाऊ रक्कम. मसुदा तयार करायला लागणारी मोजमापे, भाडेकरार तपासण्याचा तक्ता आणि मुलांच्या मुक्ततापत्राचा नमुना आम्ही देऊ. सभेला बोलावलेत तर येऊन समजावूनही सांगू.

आपले,
मैदान, तिकीटखिडकी आणि अकादमीत काम करणारे आम्ही सर्वजण